खोक्यांवर बसून पाहिलेला निकाल
मंडळी, जगाच्या इतिहासातला एक गंभीर प्रसंग सांगतो, कृपया कुणी हसू नये. पॅकिंग टेपचा वास आला की मला मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातली ती उकडती दुपार आठवते. मित्र नोकरीसाठी अमेरिकेला निघाला होता आणि निरोपाच्या जेवणाला जमलेले आम्ही त्याच्याच खोक्यांवर बसून फोनवर तिथल्या अध्यक्षपदाचा निकाल बघत होतो. कुणाच्या ध्यानीमनी नसलेला उमेदवार जिंकला. "आता तुझ्या व्हिसाचं काय रे?" एकाने विचारलं. मित्राचा चेहरा उतरला. "इथेच राहूया का गं?" तो बायकोला म्हणाला. एकटीने सगळं घर खोक्यांत भरून थकलेली वहिनी भिंतीला टेकून जे बोलली, ते मला आजही प्रत्येक निकालाला ऐकू येतं : "अध्यक्ष कुणीही होऊ दे, मी तो मिक्सर परत बाहेर काढणार नाही!"