सोल्यूशन सुकेपर्यंत

बाय गेली ती सकाळी नवाच्या सुमाराला, आणि जायलाही वेळ अशी निवडली की मी दिघीला, श्रीवर्धनची सुपारी भरलेला टेम्पो फेरीबोटीच्या रांगेत लावून चहा पीत उभा. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. मोबाइलवर तिचं नाव दिसलं तेव्हा उचलावा की नाही या विचारात मी दोन-तीन रिंगा घालवल्या, कारण बायचा सकाळचा फोन म्हणजे कामांची यादी. अमक्याची सायकल अलिबागहून उचल, तमक्याचा टायर आण, आणि परवा आणलास तो कसला भिकार होता... पलीकडून तिची सून सुजाता बोलली. "मामा, आई गेल्या. दुकान उघडलं, खुर्चीत बसल्या, त्या उठल्याच नाहीत." मला काही सुचायच्या आत तीच पुढे म्हणाली, "पंखा बंद केलाय. डोळे मिटवून वर ओला कापूस ठेवलाय, डोक्याखाली उशी दिलीय. डोळे घ्यायला सहा तास हायत. पुढचं मामांना ठाऊक हाय, असं त्या नेहमी सांगायच्या." मला काय कपाळ ठाऊक होतं! खरं तर त्या वेळी रडू यायला हवं होतं. आला तो संताप. मरतानासुद्धा हिनं मला कामाला लावलं होतं.

आज पाच आठवडे झाले. तो संताप अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

थळच्या नाक्यावर बायचं सायकलचं दुकान. मूळ दाजींचं. दाजी गेले तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही. बायनं दुसऱ्याच आठवड्यात साडीचा पदर खोचून पंक्चर काढायला सुरुवात केली. खतांच्या कारखान्यात पाळीला जाणारे तेव्हा सायकलनं जायचे, दुकान जोरात चालायचं. आता सगळ्यांकडे मोटरसायकली आल्या, तरी ही रोज सकाळी दार उघडून पंप बाहेर ठेवायची. बाळ्या, गिऱ्हाईक नसलं म्हणून काय झालं, हवा तर लागतेच ना लोकांना, असं तिचं म्हणणं. बाळ्या म्हणजे मी. वय वर्षं अठ्ठावन्न, दोन टेम्पोंचा मालक, तीन नातवंडांचा आजोबा.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, अलिबागच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरणीनं नेत्रदानासाठी सायकलफेरी काढली. रेवसच्या धक्क्यावरून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं तीन दिवसांत श्रीवर्धन गाठायचं आणि वाटेतल्या गावांतून नेत्रदानाचे फॉर्म भरून घ्यायचे. पंधरा-सोळा जण होते. चकचकीत हेल्मेटं, घट्ट चड्ड्या, बोटभर जाडीच्या चाकांच्या सायकली. पंक्चरसाठी कुणी बरोबर येईल का, हे विचारायला डॉक्टरीण दुकानात आली, तर बाय म्हणाली, "पंक्चरवाली मीच. पन टेम्पोत बसून नाय येनार, सायकल चालवीन." त्रेसष्ट वय, गुडघे दुखरे, सायकल दाजींची, काळी, दांड्याची. पंजाबी ड्रेसवर दाजींचा शर्ट. मी टेम्पो घेऊन सगळ्यांच्या मागून यायचं, केळी, पाणी आणि बॅगा वाहायच्या, हे त्या दोघींनी मला न विचारता ठरवलं.

सगळ्यांच्या मागून म्हणजे बायच्या मागून. तीन दिवस मी त्या बाईची पाठ बघितली, आणि तीही चालत्या सायकलीवर फार कमी. कारण वाटेत कुठल्या घराच्या भिंतीला टेकलेली, हवा गेलेली सायकल दिसली की बायचा ब्रेक लागलाच. "कुनाची ही? अशी उभी कशाला ठेवलाव?" असं दटावत ती सरळ अंगणात शिरायची. पिशवीतून पाने, कानस, पंक्चरचा पत्र्याचा डबा बाहेर यायचा. घरातल्यांकडून घमेलंभर पाणी मागून ट्यूब त्यात बुडवायची, बुडबुडा शोधायचा, घासायचं, सोल्यूशन लावायचं. आणि मग ते सुकेपर्यंत स्वस्थ बसायचं. घरातली माणसं तोवर भोवती जमलेली असायचीच. तेव्हा बाय हळूच फॉर्म काढायची. "आपन गेल्यावर हे डोले राखच व्हायचे ना? त्यापरीस कुनाला दिसू दे की." बस्स, एवढंच भाषण. चिकटी लावून ट्यूब आत जाईपर्यंत घरातल्या दोघा-तिघांच्या सह्या झालेल्या असायच्या. मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाली, "सोल्यूशन सुकेपर्यंत मानूस जागचा हालत नाय. तेवढ्यात इचारून घ्यावं."

चौल ते रेवदंडा हे पायी गेलं तरी तासाभराचं अंतर. आम्हाला अख्खी दुपार लागली. दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी काशिदला समुद्रात डुंबून, जेवून, डुलकी काढून उठली, तरी आम्ही अलीकडे बोर्लीतच, कुणाच्या तरी नातीच्या सायकलीची चेन बसवत होतो. डॉक्टरणीचे फोनवर फोन मलाच. मी रस्त्यात उभा राहून ओरडलो, "बाय, ही सायकलफेरी हाय, सायकलींचा दवाखाना नाय!" ती चेनीला तेल घालत म्हणाली, "बाळ्या, तू टेम्पोतला एक केला खा." मुरूडला मुक्कामी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बायच्या पिशवीत बाकी सगळ्यांचे मिळून झाले नव्हते इतके फॉर्म होते. डॉक्टरणीनं तिला मिठी मारली. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आगरदांड्याच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत असताना बायनं आणखी एक फॉर्म काढला. तिचा स्वतःचा. सगळा भरलेला, फक्त खाली नातेवाइकाच्या सहीची जागा कोरी. डॉक्टरणीनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं की हा फॉर्म म्हणजे नुसती इच्छा. माणूस गेल्यावर फोन करायचा आणि हो म्हणायचं ते घरच्यांनीच, म्हणून ही सही. "कर," बाय म्हणाली आणि पेन पुढे केलं. मी म्हटलं, सुजाताची घे, तुझा लेक प्रशांत बोटीवरच्या नोकरीतून आला की त्याची घे. "तुझीच पायजे." का, ते काही सांगेना. मग मी आमची आई म्हणायची ते काढलं, की डोळे देणारा पुढच्या जन्मी आंधळा येतो. ती हसली. त्या हसण्यानं माझं टाळकं सरकलं आणि सगळ्या जेटीला ऐकू जाईल असा मी ओरडलो, "तुझं मरन मी लिहून देनार नाय!"

"नाय दिलंस, म्हनून मी ऱ्हानार हाय काय?" एवढं बोलून तिनं कागदाची घडी घातली आणि पंक्चरच्या डब्यात ठेवून दिली.

त्यानंतर दोन भाऊबिजा झाल्या. ओवाळून झालं की मी ताटात साडी ठेवायचो, आणि बाय म्हणायची, "साडी नको. सही घाल." मी पाटावरून उठून जायचो. खरं कारण सांगायची आता लाज वाटते. पुढच्या जन्माचं मला काही पडलेलं नव्हतं. आई-बाबा गेले, धाकटा गेला, माहेर म्हणून आम्ही दोघंच उरलेलो. त्या कागदावर सही केली की ही जाणार, एवढंच डोक्यात बसलं होतं.

तर त्या सकाळी दिघीहून मी आधी डॉक्टरणीला फोन केला. ती म्हणाली, माणसं लगेच पाठवते. मग घरी केला. प्रशांत बोटीवर, म्हणून फोन बायचे मोठे दीर धर्मादादा यांनी घेतला. त्यांचं ठरलेलं होतं: "तू आदी ये. माहेरचं मानूस आल्याबिगर कायच व्हनार नाय." आमच्यात बाई गेली की माहेरच्यानं येऊन लुगडं घातल्याशिवाय तिला हलवत नाहीत. तोवर सासरच्या कुणाचा शब्द चालत नाही, सुनेचा तर नाहीच. फेरीबोट खाडीच्या मध्यावर आली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणून तुझीच पायजे! ती बेरकी बाई दोन वर्षांपूर्वी याच पाण्याकडे बघत हा सगळा हिशेब करून बसली होती, आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती. मी कठड्यावर मूठ आपटली. शेजारचा मोटरसायकलवाला बाजूला सरकला.

पुढचा रस्ता तोच, फक्त उलटा. राजपुरी, मुरूड, नांदगाव, काशिद. ज्या ज्या अंगणात तिनं माझे तास खाल्ले होते, ती अंगणं एकामागून एक मागे पडत होती. नांदगावला एका म्हाताऱ्यानं टेम्पो ओळखून हात वर केला. मी थांबलो नाही. रेवदंड्याच्या पुलावर गाड्या अडकल्या, तेव्हा मात्र मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून रडलो, आणि रडता रडता तिला शिव्या घातल्या. साडी घ्यायला अलिबागला थांबलो असतो तर आणखी वेळ गेला असता, म्हणून तसाच रिकाम्या हातानं थळला पोचलो. साडेबारा वाजून गेले होते.

डॉक्टरणीची माणसं पेटी घेऊन ओटीवर बसलेली. आत धर्मादादा. त्यांचा राग नव्हता, भीती होती. "पुडच्या जनमी आंधली आली ती, तर?" सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. मी बायकडे बघितलं. डोळ्यांवर कापूस, आणि बोटांच्या पेरांना सायकलचं काळं तेल. म्हटलं, "दादा, आंधली आली तरी सायकलच चालवील ती. तुमी काळजी करू नका." मग धर्मादादांनीच उठून बाहेरच्यांना आत बोलावलं. जी सही मी दोन वर्षं अडवून धरली, ती त्यांनी आणलेला संमतीचा कागद दाराच्या चौकटीवर धरून उभ्या उभ्या केली. अर्ध्या तासात काम झालं. मग सुजाता एक पिशवी घेऊन आली. "मामा, ही घाला. तुम्ही दिलेलीच हाय. सही मिळाल्यावर नेसेन म्हणायच्या." भाऊबिजेची साडी होती ती, घडीही मोडली नव्हती.

दोन माणसांना दिसायला लागलं, एवढंच डॉक्टरणीनं कळवलं. कोण, कुठली, ते सांगत नाहीत. बायनं तेही खोदून काढलं असतं.

गेल्या रविवारी दुकान आवरायला म्हणून गेलो. पंप बाहेर ठेवला, नाहीतर लोक दार वाजवतात. पंक्चरचा पत्र्याचा डबा उघडला. चिकट्यांच्या खाली तिचा फॉर्म होता, माझ्या सहीची जागा तशीच कोरी. आणि त्याच्या आत घडी घातलेला आणखी एक फॉर्म. तो माझा. माझं नाव, माझा पत्ता, माझं वय, सगळं तिच्या बारीक अक्षरात भरलेलं. फक्त माझी सही राहिलेली. खाली नातेवाइकाच्या जागी तिनं आधीच करून ठेवलेली, तारखेसकट. तारीख आगरदांड्याच्या त्या दिवसाची. म्हणजे मी जेटीवर तिच्यावर ओरडलो, आणि संध्याकाळी श्रीवर्धनला पोचून हिनं हा उद्योग केला!

हा फॉर्म चालेल का, असं डॉक्टरणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही नवा भरा. सही जिवंत नातेवाइकाची लागते." मी सांगितलं, नवा भरणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे.

मग दाजींच्या खुर्चीत बसून मी तिचं पेन घेतलं. ते उमटेना. तळहातावर गिरवलं, भिंतीवर गिरवलं, तेव्हा कुठं चाललं. बाहेर कुणीतरी पंपानं हवा भरत होतं. मी तिच्या सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत माझी सही केली, आणि शाई सुकेपर्यंत जागचा हललो नाही.