तळाचा थर

शेषराव हमालाची लेक शालूबाई गोरेगावच्या एका गोदामात पोती शिवायची. मी तिथं बत्तीस वर्षं हमाली केली. बसून काम करणाऱ्याचं मी सहसा कौतुक करत नाही. हिचं करतो.

दहावीला ती गणितात तीनदा नापास झाली होती, बाकीचे विषय सुटले होते. २००३ साली गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघणार होती. अट दहावी पासची. वयाच्या मर्यादेत बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष. मार्चमध्ये गणित सुटलं तरच अर्ज, नाहीतर जन्मभर दाभण.

जेवणाच्या सुटीत ती वही काढायची. समीकरणं बराबर यायची. बहुपदीचे अवयव हळू, पण नीट पाडायची. श्रेढीची बेरीज मात्र दर वेळी कमी भरायची. शिकवणीचे दत्तोपंत गुरुजी सूत्र पाठ कर म्हणायचे. सूत्र तिला झोपेतही येत होतं.

एके दिवशी मी तिला उदाहरण मोठ्यानं वाचायला लावलं. थप्पीत सर्वांत खाली वीस पोती, वरच्या प्रत्येक थरात एक कमी, शेवटच्या थरात अकरा. एकूण किती? तिनं एकशे पस्तीस काढली. मी मनातच थप्पी लावली. एकशे पंचावन्न भरली.

"तळाचा थर काहून सोडला?" मी विचारलं.

"तो भुशाचा असतो ना, मामा. त्याला कोण मोजतंय?"

आमच्याकडे ओल लागू नये म्हणून थप्पीच्या तळाशी भुशाची पोती घालत. ती मालात धरत नसत. लहानपणापासून बापाच्या मागं थप्प्या मोजलेल्या, त्यामुळं श्रेढी कशाचीही असो, ही पहिली संख्या तळाचा थर समजून सोडायची आणि दुसरीपासूनच सुरुवात करायची. हे गुरुजींना कुठून कळणार?

"पुस्तकात भुसा न्हाई, बाई. सगळा मालच हाय."

ती हसली नाही. वहीतली श्रेढीची चुकलेली सगळी गणितं तिनं पुन्हा करायला घेतली. एकशे बारा होती. चार-पाच केलीस तरी पुरे, असं मी म्हणालो, ते माझं चुकलं. अकरा दिवसांत तिनं सगळी केली. एकही गाळलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. गणितात दीडशेपैकी एकशे नऊ. जागेसाठी आठ अर्ज आले, निवड शालूबाईची झाली.

नेमणुकीचं पत्र तिनं गोदामात उभं राहून वाचलं, जावक क्रमांकापासून सहीपर्यंत. आम्ही हमाल पाठीवरची पोती न उतरवता ऐकत होतो. पत्र लांबलचक होतं. कुणी कुरकुरलं नाही.