गुलाबभाऊ कुठं ‘बसायचा’

गुलाबभाऊ गेल्याचं मला फोनवर कळलं. सांगणाऱ्याची जीभ इतकी जड झाली होती की कोण गेलं, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. “दारूनं खाल्लं शेवटी त्याले,” तो हळहळला. वेळ भर दुपारची, बोलणारा तर्र, आणि जो गेला त्यानं कित्येक वर्षांत थेंबाला हात लावलेला नव्हता! शेतावरच्या पंपाची जळालेली मोटार नव्या तारेनं भरून देताना, तांब्याची तार हातात असतानाच, छातीत कळ येऊन गुलाबभाऊ खोब्रागडे गेला. पण चामोर्शी रोडवरच्या आमच्या गावाला डॉक्टर लागत नाही. निकाल पानठेल्यावर लागतो. गेल्या महिनाभरात जे जे माझ्यापुढं ‘बिचारा’ म्हणून उसासले, त्यातल्या निम्म्यांचे उसासे काडी लावली असती तर पेटले असते.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे इथं दारू विकली जात नाही, फक्त मिळते. गुलाबभाऊला ती एकेकाळी इतकी मिळाली की त्याच्या हातांना कंप सुटला, त्यानं भरलेल्या मोटारी पुन्हा जळू लागल्या आणि बायको शोभाबाई भद्रावतीला माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, “सुटली तर निरोप धाडा, येतो मी. नाई सुटली तर मयतीलेच येईन.” सगळ्या गावाचे उपदेश पचवलेल्या माणसाला हे वाक्य मात्र पचलं नाही... गडचिरोलीत पिणाऱ्यांचाच एक गट दर रविवारी एकत्र बसतो आणि पिणं सोडतो, असं त्यानं कुठंतरी ऐकलं. मला म्हणाला, “मास्तर, चल. एकट्याचे पाय दुसरीकडं वळतात.”

बसस्टँडवर उतरल्यावर त्यानं पहिल्याच पानठेल्यावर विचारलं, “भाऊ, ते दारूवाले कुठी बसतात?”

पानवाल्यानं इकडंतिकडं पाहिलं, मग माझ्या शर्टाची इस्त्री पाहिली आणि आवाज खाली आणला. “इस्त्रीवाले नर्सरीमागं बसतात. बाकीचे नाल्यावर.”

“तसे नाई गा! ते सोडणारे पाहिजेत, सोडणारे!”

“मग असं बोला ना! सोडाले हा ऑटोवाला हाये. पिऊन झालं की घरीबी सोडते.”

आणि ऑटोवाल्यानं आम्हाला इमानदारीनं नर्सरीमागं सोडलं! तिथं समाजाचे पाच-सहा खांब गोल करून टेकले होते. त्यातले एक साहेब सकाळीच व्यसनमुक्तीची शपथ देऊन आले होते. हाराच्या पाकळ्या अजून खांद्यावर होत्या. त्यांनी गुलाबभाऊपुढं ग्लास धरला. “या, बसा. आपलेच समजा.” गुलाबभाऊ त्या ग्लासाकडं पाहत राहिला... “शोभा येणार नाई,” तो ग्लासालाच म्हणाला आणि पाठ फिरवून निघाला.

आम्हाला कोण हवे होते ते कळल्यावर ऑटोवाला मात्र ओशाळला. “काऊन नाई सांगितलं पहिलेच? रशीदभाईच्या शेडात पोचवून दिलं असतं.”

रशीदभाई सागवानी फर्निचर करणारे, आणि एकेकाळचे पिणारे. सोडणाऱ्यांच्या गटानं जागेसाठी मंदिर, शाळा, समाजभवन सगळं धुंडाळलं होतं. “दारुडे गोळा होतील” म्हणून सर्वांनी नकार दिला. त्याच समाजभवनाच्या मागं लग्नसराईत रिकाम्या बाटल्यांचे ढीग पडतात, पण लग्नातल्या बाटलीला प्रतिष्ठा असते! रशीदभाई म्हणाले, “कुर्स्या मेरे पास बहुत है, बैठनेवाले लाओ.”

बिनपॉलिशच्या खुर्चीवरून गुलाबभाऊ उठला. “मी गुलाब. मी दारू पितो.”

“वो तो तेरी सूरत बोल रही है,” रशीदभाई म्हणाले. “आगे बोल.”

सगळे हसले. गुलाबभाऊही हसला आणि हसता हसता रडायला लागला.

धान निघाल्यावर शोभाबाई परत आली. पण गावाला ते पाहवेना. दर रविवारी बसची वाट पाहणाऱ्या गुलाबभाऊला कोणी विचारलं, “कुठी चालला?” की हा डोळा मारून म्हणे, “बसाले!” झालं. गाव खूश! मी वैतागायचो. तो म्हणायचा, “मास्तर, ‘सोडाले’ म्हटलं की हासतात, ‘बसाले’ म्हटलं की त्याइले पटते. ज्याले समजाचं त्याले समजते.” त्याला ज्या एका माणसापाशी पत हवी होती, ते माणूस घरात होतं.

गुलाबभाऊच्या मागं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगण उसासे टाकणाऱ्यांनी भरलं होतं. रशीदभाई गटातल्या माणसांना टेम्पोत घालून घेऊन आले. शोभाबाई दारात उभी होती. मला म्हणाली, “रोज संध्याकाळी इथीच थांबे आणि माह्या तोंडावर ‘हाऽ’ करे. मी हुंगणं कवाचंच सोडलं होतं. ‘या ना आत’ म्हणो. पण हा आपला ‘हाऽ’ केल्याशिवाय उंबरठा ओलांडेच ना...”

रशीदभाई चपला काढून उंबरठ्याशी थांबले. गुलाबभाऊनं ही गोष्ट शेडात सांगितलेली असणार. ते वाकले. “भाभी... हाऽ.”

शोभाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती, पण तिनं अगदी नीट हुंगलं. “या.” मग दुसरा. मग तिसरा. “या. या.”

अंगणात चुळबुळ सुरू झाली. एकाला बैल आठवले, दुसऱ्याचा फोन न वाजताच वाजला. बघता बघता मांडव विरळ झाला.

“अजून कोनी?” शोभाबाईनं विचारलं.

मी पुढं झालो आणि ‘हाऽ’ केलं.

“चहा,” ती म्हणाली. “या.”