दिलशादच्या जनान्याची सुलतानबी

दिलशाद टॉकीज पाडायला काढली आणि नांदेडातल्या यच्चयावत पुरुषांना उमाळा आला. 'आपली दिलशाद' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. कुणाला पडद्यावर उधळलेली चिल्लर आठवली, कुणाला शिट्ट्या, कुणाला ब्लॅकवाल्याची मिशी. धर्माबादेहून गाडीने सिनेमाला येणारे एक निवृत्त तलाठी तर रोज सकाळी एक आठवण टाकायचे आणि तिच्याखाली पन्नास जण हात जोडायचे. टॉकीज बारा वर्षं बंद पडून होती. त्या बारा वर्षांत यांच्यापैकी एकानेही तिथल्या पायऱ्यांवरचा उकिरडा हलवला नव्हता. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच.

त्या ग्रुपात आम्ही बाया तिघीच. मी एकदा लिहिलं, 'जनान्याबद्दल कुणी काही लिहाल का?' त्यावर दोन हसरी तोंडं आली आणि एकाने डोळा मारला. मग मी गप्प बसले, कारण मी शाळेत शिकवते आणि आपल्याला कुठे गप्प बसायचं हे शाळेत चांगलं कळतं.

आमची दिलशाद यांच्या दिलशादपेक्षा निराळी होती. टॉकीजच्या डाव्या अंगाला एक बोळ होता, त्या बोळातून बायांच्या भागाचं, म्हणजे जनान्याचं, वेगळं दार. आत बायांच्या आणि पुरुषांच्या बाकड्यांमध्ये तारेवर जाड पडदा. दिवे गेले की तो सरकवायचा, इंटरवलला दिवे यायच्या आत पुन्हा ओढून घ्यायचा. या सगळ्या कारभाराची मालकीण म्हणजे सुलतानबी. बोळाच्या दारात स्टूल टाकून बसायची. तिकीट फाडायची, बॅटरी दाखवून जागा द्यायची. एखादं लेकरू रडायला लागलं तर त्याला स्वतःच खांद्यावर टाकून बोळात फेऱ्या मारायची आणि सिनेमा सुटल्यावर ज्याचं त्याला परत करायची. नवरा लालमहंमद टॉकीजचे पोस्टर हातगाडीवर लावून गावभर फिरवायचा. तो गेल्यावर मालकाने हिला दारावर ठेवलं. वीस वर्षं तिथे काढली, पण एक सिनेमा तिने धड पाहिला नाही. नुसत्या आवाजावरून मात्र सगळे पाठ.

तिचा एक कायदा होता. आत कोण बसलंय हे ती कुठल्याही पुरुषाला सांगायची नाही. नवरे यायचे, दीर यायचे, "आमची आत हाय का?" म्हणायचे. सुलतानबी पान चघळत म्हणायची, "अंधार हाय. मला काय ठावं?" पाहुणे आले, चावी हरवली, सासू चिडली, कशालाही ती आत हाक मारायची नाही. फक्त दोन कामांना मारायची, मयत आणि बाळंतपण. "ह्या दोन कामाला मी हाक मारीन, बाकी दुनिया जळू द्या," हे तिचं बोलणं सगळ्या नांदेडाला ठाऊक होतं.

तर ग्रुपवाल्यांनी ठरवलं की टॉकीज पाडण्याआधी जुन्या कामगारांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, फोटो. ऑपरेटर, मॅनेजर, कँटीनवाला अशी यादी झाली. सुलतानबीचं नाव नव्हतं. मी भांडले. एक जण म्हणाला, "अरे, ती अजून आहे?" आहे, म्हटलं, देगलूर नाक्याकडे नातीजवळ राहते. शेवटी उपकार केल्यासारखं नाव घातलं आणि बोलावणं द्यायचं काम माझ्याच गळ्यात टाकलं.

सुलतानबी आता शहात्तर वर्षांची. मला तिने लगेच ओळखलं. "सरजाबाईची बुद्धप्रिया ना तू?" सरजाबाई माझी आई. तिला जाऊन चार वर्षं झाली. मी सत्काराचं सांगितलं. सुलतानबीने नातीला, जिक्राला, चहा ठेवायला सांगितलं आणि मग म्हणाली, "शाल न्हाई पाहिजे बेटी. कोणत्या तोंडानं घिऊ? तू शिकलेली हायेस, मला एक मानूस धुंडून दे. मरायच्या आधी तिची माफी मागायची हाय."

आणि तिने सांगितलं ते असं.

"गुरुबसप्पा कापडवाल्याची लेक व्हती, शिवकांता. अठरा-एकोणीस साल उमर. बाराच्या खेळाला आली, अन् सुटल्यावर उठंच ना. म्हनली, मावशी, तीनचं बी तिकीट काढलंय, मला हितंच बसू द्या. उद्या औरंगाबादला नर्सच्या कोर्सचा इंटरव्ह्यू हाय, संध्याकाळची गाडी हाय. घरच्यांनी लातूरच्या एका बिजवराशी जमवलंय, त्याला दोन लेकरं हायेत. भाऊ धुंडून राहिलाय मला. पुऱ्या नांदेडात मर्द घुसू शकत न्हाई अशी ही एकच जागा हाय म्हनली. मी म्हनलं, बस बेटी. मी हाय दारात.

"पाच वाजता भाऊ आला, संगप्पा. पायात चप्पल न्हाई, डोळे लाल. म्हनला, मावशी, आई गेली. शिवकांताला हाक मारा. रडत व्हता. खरंच रडत व्हता बेटी. आपल्या जित्या आईला मारून कोन खोटं बोलंल? मी आत गेले अन् हाक मारली. शिवकांता, बाहीर ये, तुझी आई गेली.

"पळत आली पोरगी. दारात भाऊ, अन् अजून दोघं दबा धरून बसलेले. तिनं चौकट धरली. मी मधी पडले तर मला ढकललं. आत बाया ओरडायल्या, दार लाव म्हनून. तिला वढत रिक्षात कोंबलं. मी दार सोडून रिक्षामागं पळाले, रस्त्यावर पडले. आई तिची जिती व्हती, घरात हळदीसाठी सुपारी फोडत बसली व्हती. आठ दिवसांत लगीन लावलं. माझ्या तोंडानं हाक गेली. मी हाक न मारती तर ती नर्स व्हती आज."

चहा आला, तो मी घेतला. त्या दिवशी तीनच्या खेळाला मी आत होते, हे मी सुलतानबीला सांगितलं नाही. अकरा वर्षांची होते. दार उघडलं आणि उजेडाचा पट्टा थेट पडद्यावर पडला, हिरॉईनचं तोंड पुसून गेलं. वळून पाहिलं तर दारात एक पोरगी चौकटीला धरून लोंबकळत होती आणि कुणीतरी तिची वेणी ओढत होतं. तेव्हा माझी आई अर्धवट उठून ओरडली, "ए सुलतानबी, दार लाव ना गं! उजेड यायलाय!" सगळ्यात आधी तीच ओरडली. मग बाकीच्या बायांना कंठ फुटला.

माझी आई वाईट नव्हती. सरकारी दवाखान्यात आया होती. परक्यांची घाण उपसायची, बेवारस प्रेतांवर स्वतःच्या घरचं लुगडं आणून घालायची. आठवड्यातून तीन तास तिला कुणी हाक मारत नसे, ते या जनान्यात. त्या तीन तासांत कुणी घुसलं एवढंच तिला दिसलं असेल. हे मी तिची बाजू घेऊन लिहिते आहे आणि लिहिता लिहिता ते मला पटेनासं होतं आहे.

शिवकांता सापडायला दोन फोन लागले. आमच्या शाळेतले शिवमूर्ती सर लातूरचे, त्यांनी पहिला केला, त्यांच्या मेहुणीने दुसरा. छत्तीस वर्षं सुलतानबी जिच्यासाठी झुरत होती, ती दोन फोनांच्या अंतरावर होती. याची मला इतकी चीड आली की मी सरांना धन्यवादसुद्धा नीट दिले नाहीत.

सत्काराच्या रविवारीच आम्ही लातूरला निघालो. सुलतानबीनेच तो दिवस धरला. एसटी लोह्याच्या पुढे गेली तोवर ग्रुपवर शालींचे फोटो यायला लागले. तलाठ्यांनी भाषण केलं होतं, 'दिलशाद ही आपली आई होती' असं. मी फोन बंद केला. सुलतानबी खिडकीशी बसून ओठ हलवत होती. आधी वाटलं दुवा म्हणतेय, मग कळलं, काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती.

लातुरात शिकवण्यांच्या गल्ल्यांमागे शिवकांताची मेस आहे. डॉक्टर व्हायला आलेल्या चाळीस पोरी तिच्याकडे जेवतात. नवरा वारला, सावत्र लेकरं आपापल्या वाटेने गेली. आम्ही गेलो तेव्हा पंगत चालू होती. शिवकांताने पोळी लाटता लाटता वर पाहिलं आणि तिचं लाटणं थांबलं.

"दिलशादच्या मावशी," ती म्हणाली.

सुलतानबीने हात जोडले. वाटभर घोकलेलं सगळं गेलं. "माफी मागायला आले बेटी," एवढंच निघालं.

"पोरींचं होऊ द्या आधी," शिवकांता म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. तासभर आम्ही भिंतीशी बसून राहिलो. पोरी उठल्या, ताटं घासायला पडली, तेव्हा ती पदराला हात पुसत आमच्यासमोर येऊन बसली.

"माफी मागून तुम्ही मोकळ्या व्हाल मावशी. मी कुठं मोकळी व्हते?"

शिवकांताने पाण्याचे दोन गिलास आमच्यापुढे ठेवले.

"तुमच्यावर लई वर्सं राग व्हता. मग उतरला. तुम्हालाबी फसवलं, मलाबी फसवलं. तुम्ही रिक्षामागं पळताना पडल्या ते मी बघितलं. पन एक बाई माझ्या डोक्यातून जात न्हाई."

"कोन बेटी?"

"मी चौकट धरून व्हते ना, मला वाटलं आत दोनशे बाया हायेत. ह्या उठल्या तर तिघांची काय बिशाद हाय? घट्ट धरली व्हती मी. तेवढ्यात आतून एक ओरडली, दार लाव, उजेड यायलाय म्हनून. ते ऐकलं अन् माझा हात सुटला. त्यांनी वढलं म्हनून न्हाई सुटला, मावशी." ती थोडी पुढे झुकली. "कोन व्हती ती? तुम्हाला तर सगळ्यांचे आवाज ठावं व्हते."

माझ्या हातात पाण्याचा गिलास होता. दोन वाक्यं बोलायची होती. ती माझी आई होती, मी तिच्या शेजारी बसले होते. मुलांना मी रोज खरं बोलायला शिकवते, त्यासाठी पगार घेते. सुलतानबीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी गिलासातलं पाणी प्याले.

"अंधार व्हता बेटी," सुलतानबी म्हणाली. "इतके साल झाले. कळलं न्हाई."

शिवकांताने मान हलवली. या उत्तराची तिला सवय असावी. "माफी-बिफी मला जमायची न्हाई," ती उठत म्हणाली. "जेवल्याबिगर जाऊ नका मात्र."

तिने आम्हाला वांग्याची भाजी, पोळ्या आणि वरण वाढलं. सुलतानबीच्या घशाखाली चार घास गेले नाहीत. मी दोन पोळ्या खाल्ल्या. खाऊ शकले मी.

परतीची एसटी अहमदपूरला थांबली. शेवटी मला राहवेना.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"सरजाबाईचा आवाज मी इसरते व्हय?"

"मग सांगितलं का नाही?"

"तुझी आई व्हती बेटी. ते तू सांगायचं व्हतं. मी वाट बघितली तुझी." सुलतानबीने खिडकीकडे तोंड केलं. "तवा दुसऱ्याचं खोटं माझ्या तोंडानं गेलं, मला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक असून त्याच पोरीशी खोटं बोलून आले मी. तुझ्यापायी."