हवालदारांची भाकरी

इतक्या निष्ठेने भात खाणारा आणि इतक्या मनापासून भाताचा तिटकारा असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. भिलाईत भट्ट्या अजून उभ्या राहत होत्या, क्वार्टर मिळायचे होते आणि आम्ही चौसष्ट जण कॅम्पातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एका मेसवर जेवत होतो, तेव्हाची ही गोष्ट. हवालदार फौजेतून पेन्शनीत निघालेले, मूळचे वर्धेकडचे, आता कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी. मेसच्या कोठीची चावी त्यांच्या कमरेला. मिशा अशा की रशियन इंजिनियरसुद्धा वाट सोडून उभे राहत. आणि हा माणूस मला सॅल्यूट करी! मी टाइम ऑफिसातला कारकून, छाती एकतीस इंच, मेसचा चिटणीस म्हणून निवडून आलो तोही तेहेतीस विरुद्ध एकतीस हातांनी. पण हवालदारांच्या लेखी मी सरकार होतो. डाळीत मीठ कमी असलं तरी ते ताठ उभे राहून विचारीत, "हुकूम?" मी एकदा लाजून म्हटलं, असं काय करता, वयाने तुम्ही वडील. ते म्हणाले, "बंदूक माह्या हातात, हुकूम तुमच्या तोंडात. दोनी एका जागी आले का घात झाला समजा." बंदूक म्हणजे चावी. एकदा मी गळक्या रांजणाकडे बोट दाखवून "याच्याकडे जरा लक्ष ठेवा" म्हटलं आणि विसरलो. नवव्या दिवशी पाहतो, तर हवालदार स्टूल टाकून रांजणाकडे एकटक बघत बसलेले. ड्यूटीवरून आले की तिथेच. "अजून गळूनच राहिला, साहेब," त्यांनी रिपोर्ट दिला.

मेसमध्ये दोन्ही वेळा भात. बंगाली, मल्याळी, तेलुगू मंडळी खूश. हवालदार ताटापुढे बसत, भाताला शत्रूच्या ठाण्यासारखं न्याहाळत, आणि एक शीत न टाकता ठाणं साफ करीत. दुपारी डोळा लागला की त्यांचे दोन्ही तळवे छातीवर थपथप चालत. झोपेत ते भाकरी थापत असत, हे सगळ्या शेडला ठाऊक होतं.

त्यामुळे वर्धा-नागपूरकडचे बावीस जण फुटून निघाले तेव्हा त्यांनी हवालदारांना आपले तेविसावे धरलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा वाजता त्यांचा पुढारी, एक वायरमन, सुपेल्याच्या बाजारातून ज्वारीचं पोतं पाठीवर मारून आला आणि कोठीपुढे थडकला. आमची मेस वेगळी, तवा द्या! मी घाबरून हवालदारांना म्हटलं, "मी सांगेपर्यंत या चावीपासून हलू नका," आणि मागच्या दाराने रजिस्टर आणायला पळालो.

"द्या जी चाबी," वायरमन म्हणाला. "तुमाले भाकर नाही पायजे का?"

"पायजे."

"मंग कावून अडवून राहिले? तुमी आपले हा का त्यायचे?"

"पोट माहं तुमच्याकडं हाय," हवालदार म्हणाले. "पन चाबी मेसची हाय."

"भात खाऊन खाऊन डोकं गिल्लं झालं बे यायचं!" मागून कोणी ओरडलं.

तेवढ्यात भातवाल्यांतला एक बंगाली वेल्डर पुढे सरसावला. "हवलदार, निकालो इन बाईस को! और मेस आप ही संभालो, उस चिटणीस की छुट्टी करो."

मी रजिस्टर घेऊन आलो होतो, पण मागच्या दारातूनच हे सगळं ऐकत होतो. हवालदारांच्या मिशा थरथरल्या. "खबरदार! हम चाबी रखता है, राज नहीं करता. चिटणीस को तुमने हाथ उठाके बनाया है. निकालना है तो हाथ उठाओ."

मग मीच हात उठवायला सांगितले, फुटण्याच्या प्रश्नावर. अडतीस बाजूने, पंचवीस विरुद्ध. त्रेसष्टच भरतात म्हणून मी पुन्हा मोजले. चौसष्टावे हवालदार, ड्यूटीवरचा माणूस मत देत नाही, म्हणाले. वाटणी बावीसास बेचाळीस या प्रमाणात ठरली. पाटा त्यांना आणि वरवंटा आम्हाला, ही सूचना फक्त एका मताने पडली. माझा हुकूम होताच हवालदारांनी तवा दोन्ही हातांवर आडवा धरून वायरमनच्या स्वाधीन केला आणि तव्याला सॅल्यूट ठोकला. दुपारी पलीकडच्या शेडमधून खरपूस वास आला. हवालदार कोठीच्या दारात ताठ उभे होते. गळ्याची घाटी तेवढी हलली.

सात महिने ते आमच्यातच भात जेवले. मला वाटलं, त्यांनी आपणहून आमची बाजू घेतली. मग मला क्वार्टर मिळालं, कुटुंब आलं, आणि चार्ज देताना मी सहज विचारलं, हवालदार, तुम्ही तिकडे का गेला नाहीत?

"तुमी 'हलू नका' म्हटलं व्हतं," ते म्हणाले. "मंग 'हला' म्हटलंच नाही."

मी तिथल्या तिथे लेखी हुकूम लिहून दिला. पण तिकडची मेस पंधरा दिवसांपूर्वीच मोडली होती. त्यांनाही क्वार्टर मिळाले होते.

त्याच दिवशी त्यांना घरी जेवायला नेलं. बायकोने झुणका-भाकरी केली. हवालदार पाटावर बसले आणि ताटाला हात लावीनात. मला उमजलं. "सुरू करा," मी म्हटलं. एक, दोन, तीन... सात भाकऱ्या, मी मोजल्या. सातवी संपल्यावर त्यांनी एकदा दुरडीकडे पाहिलं. मी तेव्हा नव्या नळाला पाणी किती वेळ येतं ते सांगत होतो. ते उठले, हात धुतले, माझ्या मुलांपुढे मला सॅल्यूट केला आणि गेले. पुढच्या महिन्यात नोकरी सोडून ते गावी परतले.

ते जेवून गेले त्या संध्याकाळी बायकोने दुरडी उचलली, तर तळाशी आठवी भाकरी होती. 'घ्या' म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.