मिरची माझी, तूप तिचं

नंदुरबारच्या व्यापाऱ्यांच्या त्या दुपारच्या जेवणाला मी ओळखी वाढवायला गेले नव्हते. मंत्रालयातल्या एक सचिव मॅडम भाषणाला येणार होत्या आणि सरकारी पाहुण्यांच्या भेटपेटीसाठी जिल्ह्यातली एकच वस्तू निवडणार होत्या. ती माझी मिरचीपूड असावी, एवढ्यासाठी मी नवी साडी नेसून तासभर आधीच हॉलवर हजर होते.

मॅडमच्या शेजारी धडगावची ती बाई बसलेली दिसली आणि माझी भूक मेली. दोन हंगाम ती माझ्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, देठं खुडायला होती. पिशवी सील करणं, लेबल सरळ लावणं, सगळं माझ्याकडे शिकली. आता बचत गट काढून आमचूर विकते. पेपरात फोटोही येतो.

माझ्या बाजूच्या भांडीवाल्या शेठला राहवलं नाही. "ताई, ती तुमनीच चेली शे ना? आते ती पुढं, तुम्ही मांगे!"

"जेवा गुपचूप. वरण थंड होतंय."

मी मिरचीपुडीचं पाकीट घेऊन उठले, मॅडमपुढे गेलेच. आमच्यात मिरची बघायची म्हणजे पूड तळहातावर घ्यायची, अंगठ्यानं चोळायची, रंग बघायचा. नंतर हात तोंडाला लावू नये, हे मिरचीवाल्याला सांगावं लागत नाही. मॅडमना सांगावं लागेल, हे मला सुचलं नाही. त्यांनी पूड चोळली, "रंग छान आहे" म्हणाल्या, रुमालाला हात पुसला. मी खुशीत जागेवर आले.

भाषण सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. मॅडमनी चष्मा काढला आणि डोळा चोळला. मग त्यांना बोलताच येईना. कुणी पाण्याचा ग्लास घेऊन धावलं. मी मात्र माझं पाकीट टेबलावरून कुणी उचलतंय का, तेच बघत बसले.

धडगावची ती बाई वरणभाताच्या तुपाची वाटी घेऊन उठली. "मॅडम, आधी हात द्या. नुसत्या पाण्यानं पसरतं." बोटांना तूप चोळलं, पुसलं, साबणानं धुतलं, मग डोळ्यावर स्वच्छ पाणी मारायला लावलं. दहा मिनिटांनी मॅडम परत माइकवर. डोळा लाल, पण हसत होत्या.

"हे कुठं शिकलात हो?"

"ताईंकडे." तिनं माझ्याकडे बोट केलं. "पथारीवर तूप कुठलं, गोडंतेल असायचं."

"मग ताई बसून का राहिल्या?" मॅडम माइकवरूनच म्हणाल्या.

हॉल हसला. भांडीवाला सगळ्यात जास्त.

आठवड्यानं आमचूर निवडल्याचं कळलं. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन. "ताई, पिशव्या फार आहेत. तुमचं सीलचं मशीन चार दिवस द्याल का?"

नाही म्हणायला कारण शोधलं, सापडलं नाही. हंगाम संपला होता, मशीन रिकामंच होतं. त्याच्या खाचांत वर्षभराची मिरची बसली होती. तसंच पाठवावं, असं मनात आलं. पहिल्या शंभर पिशव्या तरी झणझणीत झाल्या असत्या.

मग मी ब्रश घेतला, ओलं फडकं घेतलं, नंतर कोरडं. तिच्यासाठी नव्हे. मशीन कुणाचं असं कुणी विचारलं, तर ती माझंच नाव सांगणार, याची आता मला खात्री होती.