आईची टिकली

परवा इथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानात मोठ्या मरून टिकल्यांचं पाकीट दिसलं आणि बारा वर्षांपूर्वीचा राग तस्साच उसळून आला.

आईचं फ्युनरल मी तिच्या मनासारखं ठरवलं होतं. तिची हिरवी इरकल, आमच्या कुंडीतली तुळस आणि कपाळावर तिची ती मोठी टिकली. बाबा गेल्यावरही तिनं ती सोडली नव्हती. "शाळेत असल्यापासून लावतेय, यांनी थोडीच दिली होती?" म्हणायची. फ्युनरल होममधल्या अमेरिकन बाईनं आईचा फोटो शेजारी ठेवून टिकली अगदी बरोबर जागेवर लावली होती.

अंत्यदर्शनाला लोक यायला लागले. आमच्या शेजारच्या काकू आईच्या शवपेटीवर वाकल्या. "अगं, तुझी आई विधवा ना? हे चालत नाही," म्हणत त्यांनी नखानं टिकली उचकटली आणि टिश्यूत गुंडाळली. इतक्या वर्षांच्या टिकलीखालचा पांढरट गोल उघडा पडला.

माझी आठ वर्षांची मुलगी ओरडली, "दॅट्स आजीज! पुट इट बॅक!"

मी तिच्यावरच डोळे वटारले. मोठ्यांशी असं बोलायचं नसतं म्हणे!

काकूंना काय अधिकार होता? काहीही नाही. पण त्यांच्यावर किती वर्षं चिडायचं? फ्युनरल होमला देऊन उरलेल्या टिकल्यांचं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं, आणि पर्स माझ्याच खांद्याला होती.